हात ठेवलेत

बसला कचकन ब्रेक लागला आणि शेजारी दांड्याला धरून उभे असलेले वयस्कर गृहस्थ तिच्या अंगावर कलंडले. तिनं त्यांचं मनगट धरलं. इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. कुणीही धरलं असतं. पण ते सावरले, बस पुन्हा चालू लागली, तरी तिचा हात काही मनगटावरून निघाला नाही. तर्जनी आणि मधलं बोट त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली सरकलं, तिथं अर्धा वळसा फिरलं, पट्टा आणि कातडी यांच्यातली जागा तपासून बाहेर आलं. मग तिनं त्यांचं एक नख दाबून सोडलं आणि रंग परत येतो का ते बघितलं. नखाखाली गुलाबी रंग लगेच भरला. "ठीक आहे," ती पुटपुटली. गृहस्थांनी आधी तिच्या बोटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "बाई, घड्याळ अगदी साधं आहे हो," ते म्हणाले, "विकलंत तर आजचं तिकीटसुद्धा सुटायचं नाही." आजूबाजूचे लोक हसले. तीही हसली, चुकलं म्हणाली, आणि हात कोटाच्या खिशात घातला. खिशात तो कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा पडून राहिला.

बोटांना काय माहीत असतं आणि माणसाला काय, याचा विचार करायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. अतिदक्षता विभागात इतकी वर्षं काढल्यावर बोटं आपली आपण शिकतात. पट्टी आणि मनगट यांच्यात दोन बोटं जायला हवीत. एकच गेलं तर हाताला सूज चढते, नखं आधी फिकी आणि मग निळसर होतात, अंगठ्याच्या मुळाशी एक सुन्न चकती तयार होते आणि रोगी घरी गेल्यावरही ती जाता जात नाही. तीन गेली तर हात निसटतो, आणि निसटलेला हात सरळ तोंडाकडे जातो. डोळे मिटलेले असोत, माणूस स्वतःचं नाव विसरलेला असो, हाताला तोंडाची वाट बरोबर सापडते. त्यात हाताचं काही चुकत नाही. घशातून श्वासनळीत बोटाएवढी जाड नळी गेलेली असेल तर शुद्धीवरचा माणूसही ती उपटायलाच बघेल. शुद्ध हरपलेल्याला तर तेवढं एकच काम उरलेलं असतं. म्हणून मनगटाभोवती आधी कापसाचा थर, त्यावर पट्टी, आणि पट्टी खाली खाटेच्या चौकटीला. याला त्यांच्या विभागात बांधणं म्हणत नसत. तो शब्द कुणी ठरवून टाळला होता असंही नाही. तो तिथं नव्हताच. पाळी बदलताना एक नर्स दुसरीला रोगी सोपवायची तेव्हा सांगायची, रक्तदाब बरा आहे, लघवी कमी आहे, ताप उतरलाय, हात ठेवलेत. छत्री कोपऱ्यात ठेवावी तसं. एखादी नवी मुलगी पहिल्या दिवशी थबकायची आणि खाटेकडे बघायची. आठवड्याभरात तीही तसंच म्हणायला लागायची.

दुपारी नवऱ्याचा फोन आला होता. सर्जनच्या ऑफिसातून विचारणा झाली होती, बाबांच्या दुसऱ्या ऑपरेशनचं काय ठरलं. आज संध्याकाळपर्यंत काय ते कळवा, नाहीतर ती तारीख दुसऱ्या कुणाला देऊ. बाबा म्हणजे तिचे सासरे. वीज कंपनीत मीटर वाचण्याच्या नोकरीत त्यांचं आयुष्य गेलं होतं. गेल्या हिवाळ्यात त्यांचं आतडं फुटलं, तातडीनं पोट उघडावं लागलं, आणि आतड्याचं तोंड पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर काढून तिथं पिशवी लावली गेली. ही सोय तात्पुरती. आतडं पुन्हा जोडून आत टाकायचं ऑपरेशन आता व्हायला हवं होतं. पिशवीभोवतीची कातडी सोलवटत चालली होती, जुन्या टाक्यांच्या रेषेतून हर्निया डोकावू लागला होता, आणि सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं की जितका उशीर कराल तितकं ते काम जिकिरीचं होत जाईल. बाबांची ना नव्हती. एकच अट होती. तुम्हाला बांधू देणार नाही, असा शब्द सुनेनं मागच्या वेळी दिला होता. तो तिनं पुन्हा द्यावा, आणि या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत आत असावं. मागच्या वेळी ती जवळ नव्हती म्हणून बांधणाऱ्या त्या बाईचं फावलं, असं बाबा म्हणत. शब्द मिळाला तर चाललो, नाहीतर ही पिशवी घेऊनच वर जाईन. "हो म्हणून टाक ना," नवरा फोनवर म्हणाला होता. "तुझं काय जातंय?"

ती बाई म्हणजे ती स्वतःच होती. हे तिला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, सगळ्या विभागाला माहीत होतं. बाबांना माहीत नव्हतं.

घराच्या अलीकडच्याच थांब्यावर ती उतरली. चालल्यावर डोकं शांत होईल असं वाटलं होतं, पण रस्त्यात जिकडेतिकडे बांधलेल्या वस्तू दिसायला लागल्या. एका टेम्पोच्या टपावर गादी आवळून बांधलेली होती, इतकी करकचून की तिची कंबर बारीक झाली होती. फुटपाथवरच्या रोपट्याला काठीशी जखडलं होतं. बांधणाऱ्यानं खोडाभोवती रबराचा तुकडा घातला होता आणि थोडी ढील ठेवली होती, म्हणजे त्याला कळत होतं. बांधणाऱ्याला नेहमीच कळत असतं, असं तिला वाटलं, आणि या वाक्याचा तिला राग आला. बाबांना स्ट्रेचरवरून ऑपरेशनला नेत होते त्या सकाळचा तो लांब मार्ग आठवला. छतावरचे दिवे एकामागून एक त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत होते. वरच्या ओठावर घाम होता, पोट लाकडासारखं झालं होतं, आणि तरी त्यांनी तिची बाही मुठीत धरून ठेवली होती. त्यांचा थोरला भाऊ असाच एका इस्पितळात गेला होता. बाबा भेटायला गेले तेव्हा त्याच्या दोन्ही मनगटांवर जांभळीहिरवी कडी उठलेली होती. फार आडदांडपणा करत होते, असं तिथल्या माणसांनी सांगितलं. दादा आणि आडदांडपणा. तो घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन बाहेर सोडायचा. हे सगळं तिनं पूर्वी ऐकलेलं होतं, पण स्ट्रेचरवर बाबांनी ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, धापा टाकत, आणि शेवटी म्हणाले, "मला बांधायचं नाही. मेलो तरी चालेल. शब्द दे." तिनं दिला. स्ट्रेचरवरच्या माणसाला हो म्हणायचं असतं. कुत्र्याला खायला घाला म्हणणाऱ्याला, बायकोला सांगू नका म्हणणाऱ्याला, सगळ्यांना तिनं आजवर हो म्हटलं होतं, आणि दार बंद झाल्यावर त्यातलं निम्मं विसरलीही होती. पण हा शब्द देताना तिला थोडं खरंही वाटलं होतं. आपण तिथलेच. आपल्या माणसाचं एवढं तर आपल्या हातात असेल.

आणि ते आपलंच माणूस होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिच्या उलटसुलट पाळ्यांचं सासूला कोडं पडायचं, शेजाऱ्यांना कुतूहल वाटायचं. बाबांनी मात्र पहिल्याच आठवड्यात तिचं पाळीपत्रक भिंतीवर लावलं आणि त्याप्रमाणे अन्न गरम करून ठेवायला सुरुवात केली. ती दारात बूट काढत असली की आतून हाक यायची, "सिस्टर, फेरीला आलात का? पेशंट जिवंत आहे." जेवताना ते मीटरांच्या गोष्टी सांगत. लोक दार बोटभरच उघडतात, पण मीटर सगळं सांगतो. अमक्याच्या घरात सगळी गाढ झोपलेली असताना चाक जोरात फिरतं, म्हणजे कुणीतरी जागं आहे आणि कुणाला सांगत नाही. तमक्यानं बायको गेल्यापासून दिवाच लावलेला नाही. सासू गेल्यावर त्यांच्या स्वतःच्या घराचं चाक कसं फिरतं हे ते कधी बोलले नाहीत, पण ती कामावरून येईपर्यंत स्वयंपाकघरातला दिवा जळत असे.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ते भ्रमात गेले. असं होतं; म्हातारपण, ताप, झोपेची औषधं, दिवसरात्र सारखाच पांढरा उजेड. आपल्या नातेवाइकाची शुश्रूषा आपण करायची नाही असा विभागाचा नियम होता आणि तो चांगला होता, म्हणून बाबांची खाट खिडकीच्या टोकाला चिमणीकडे होती. चिमणी म्हणजे सगळ्यांत धाकटी नर्स; सारखी बोलायची म्हणून ते नाव. ती स्वतः दुसऱ्या टोकाला, दोन रोगी घेऊन, त्यातला एक नुकताच ऑपरेशनहून आलेला. दुपारची वेळ होती. चिमणीनं पडदा सारून हाक मारली, "ताई, जरा या." नुसतं जरा या. आवाजात काही नव्हतं म्हणूनच ती धावली. बाबांनी नाकातली नळी उपटून काढली होती, नाकपुडीतून रक्त ओठावर आलं होतं. वॉर्डबॉय मामांनी पाय दाबून धरले होते, चिमणीनं एक हात, तरुण डॉक्टरनं दुसरा. तोंडातली नळी बाबा दातांनी चावत होते, त्यामुळे श्वास आत जाईना, आणि यंत्र ओरडत होतं. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या. झोपेचं औषध वाढवा, असं ती म्हणाली. वाढवलं की रक्तदाब पडतोय, डॉक्टर म्हणाला, दोनदा करून बघितलं. तेवढ्यात बाबांनी मान वळवली आणि तिला पाहिलं. त्यांचं सगळं अंग सैल पडलं. डॉक्टरच्या पकडीतला हात शांत झाला, डॉक्टरनं तो सोडला, आणि बाबांनी तो हात, तळवा वर करून, तिच्यापुढे धरला. रस्ता ओलांडताना धाकटं भावंड धरतं तसा. "तुमचंच ऐकतात की," डॉक्टर सुटल्यासारखा म्हणाला, आणि गेला.

तिनं तो हात धरला. गरम होता आणि सुरकुतलेला, आणि नाडी तिच्या बोटाखाली धावत होती. ती हळूहळू चालीवर आली. यंत्र गप्प झालं. त्यांनी डोळे मिटले. असंच बसून राहिलं असतं तर पुरलं असतं, हे तिला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. यात शास्त्राचा काही घोटाळा नाही. ओळखीचा हात हातात असला की भ्रम ओसरतो, पुस्तकातही तसंच दिलेलं आहे. पण दुसऱ्या टोकाला तिच्या नव्या रोग्याचं मॉनिटर वाजायला लागलं, तो आवाज तिला पाठीतून ओळखता येत असे, रक्तदाब कोसळल्याचा. चिमणी तिच्या दुसऱ्या खाटेकडे पळाली होती. मामांना रक्ताची पिशवी आणायला जायचं होतं. हात धरून बसायला एक अख्खा माणूस लागतो. पट्टीला लागत नाही. तिनं हात न सोडता दुसऱ्या हातानं ट्रेमधला कापूस ओढला. बाबांनी डोळे उघडले आणि ती काय करते ते बघत राहिले, कुतूहलानं, बिनधास्त. "काही नाही बाबा," ती म्हणाली, "सुई हलू नये म्हणून पट्टी लावते." त्यांनी मान हलवली. तिनं एक मनगट पुरं केलं, आणि त्यांनी दुसरा हात आपणहून उचलून तिच्याकडे दिला. जाताना तिनं मास्क नाकावर ओढून घेतला. पडद्याशी पोचता पोचता मागं खाट खडखडली. हात उचलायला गेला असेल आणि थांबला असेल. तिनं वळून बघितलं नाही. दुसऱ्या टोकाचा रोगी वाचला. आज तो चालतोफिरतो.

नंतर भांडारघरात ती हात धूत उभी होती तेव्हा इन्चार्ज सिस्टर मागून आल्या. जाडजूड, गुडघ्यांनी बेजार, निवृत्तीला टेकलेल्या. त्यांना कुणी कधी हळहळताना पाहिलं नव्हतं. प्रत्येकीची एक नळी असते, एवढंच त्या म्हणाल्या, आणि स्वतःचे हात धुवायला लागल्या. तिचीही होती. नोकरीच्या सुरुवातीची, एक तरुण बाळंतीण. डोळ्यांनी विनवत होती, हात सोड, हात सोड, आणि तिचे डोळे अगदी शुद्धीवरचे होते. त्या वेळी पुस्तकं ताजी होती. हात बांधल्यानं रोगी जास्तच घाबरतो, भ्रम वाढतो, हे तिनं अधोरेखित केलेलं होतं. तिनं एक हात सोडला. मुलीनं त्या हातानं आधी नाक खाजवलं, समाधानानं, आणि तिला त्याचा फार आनंद झाला. मग सलाईनचा पंप वाजला म्हणून ती वळली, एवढीच वळली, आणि परत पाहिलं तेव्हा नळी चादरीवर होती. घसा सुजलेला, पुन्हा घालता आली नाही. कुणी तिला दोष दिला नाही. वरिष्ठ डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून तिची गाठ कधी निसटली नाही, आणि तिनं बांधलेली कितीतरी माणसं पायांनी चालत घरी गेली, आणि त्यांतल्या एकानंही कधी सांगितलं नाही की बरं झालं बांधलंत. मोठे डॉक्टर सकाळच्या फेरीला म्हणत, अहो, मोकळं ठेवा जरा, माणूस आहे. आणि गाडी काढून घरी जात. तरुण डॉक्टर म्हणत, औषध वाढवू. औषधानं बांधलं की दिसत नाही, एवढाच फरक. नातेवाईक भेटीच्या वेळी चादरीखाली हात शोधत आणि पट्टी हाताला लागली की चटका बसल्यासारखा हात मागं घेत. काही भांडत. काही हळूच विचारत, घट्ट आहे ना, सुटणार नाही ना.

बाबांची नळी दोन दिवसांनी काढली. ताप उतरला होता, डोळ्यांत ओळख आली होती. चिमणीनं मुद्दाम तिला बोलावलं, की ताई, तुम्हीच सोडा, त्यांना बरं वाटेल. तिनं पट्ट्या सोडल्या. कापसाखाली कातडी शाबूत होती, एक ओरखडा नव्हता. असं काम तिच्याइतकं चांगलं कुणाचंच नव्हतं. बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, आलीस, आणि रडले. त्या क्षणापासून त्यांच्या डोक्यात गोष्ट पक्की झाली. घरी आल्यावर जो भेटेल त्याला ते ती सांगत, आणि मोठ्या रंगात सांगत. कंपनीची एक बाई आली होती म्हणे, तोंड झाकलेली. आम्ही नाही का मीटरला तार ओवून, शिसं लावून, पक्कडीनं दाबून सील करायचो, तसं तिनं मला सील केलं. म्हणाली, या माणसाची थकबाकी आहे. मी ओरडतोय तर तोंडातून आवाज नाही. आणि मग ही आली, माझी सून, आणि हिनं सील तोडलं. ऐकणारे हसत, बाबाही हसत. ती कपबश्या घेऊन उभी असे. हसून झालं की ते शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारत. इस्पितळातून आल्यापासून त्यांनी बाह्यांची बटणं लावली नव्हती, घड्याळ घातलं नव्हतं, आणि झोपताना पांघरूण गादीखाली खोचू देत नव्हते. नवरा म्हणायचा, कशाला उकरून काढतेस, जिवंत आहे ना माणूस. तो वाईट माणूस नव्हता. त्याला वडील हवे होते.

ती घरी पोचली तेव्हा उन्हं भिंतीवर होती. बाबा खिडकीजवळच्या लाकडी हातांच्या खुर्चीत बसले होते, पायांवर टॉवेल पसरून. म्हणजे पिशवी गळली होती आणि ते तिची वाट बघत होते. हल्ली ते खाली उतरत नसत. एकदा पत्त्यांच्या अड्ड्यावर वास आला आणि कुणी काही बोललं नाही, एवढं पुरलं. तिनं हात धुतले, गरम पाणी आणलं, पिशवीची चकती सोडवली. भोवतीची कातडी लालबुंद, ओली, शिजल्यासारखी दिसत होती. मधोमध आतड्याचं गुलाबी तोंड आपल्याच नादात मिटत होतं, उघडत होतं. हळूहळू ती पुसत राहिली. दुखलं तरी ते हं करत नसत, विनोद करत. आज म्हणाले, हा बघ, तुला बघून कसा हसतो. नवी पिशवी बसली, त्यांनी शर्ट खाली ओढला, आणि ती मांडी घालून समोर बसली तेव्हा त्यांनी विचारलं, "तर सिस्टर, काय ठरलं? शब्द देताय का?"

हो म्हणायला काही लागत नव्हतं. आणि मग तिसऱ्या दिवशी, खिडकीजवळच्या खाटेवर, पुन्हा तळवा वर करून हात पुढे येणार होता.

"बाबा, मागच्या वेळी तुम्हाला मी बांधलं."

ते हसले. त्यांना वाटलं, ती कुणाला तरी पाठीशी घालते आहे. हे त्यांना समजण्यासारखं होतं. त्यांनीही नोकरीत दोस्तांच्या चुका आपल्या अंगावर घेतल्या होत्या, एकदा तर पगारवाढ गेली होती. ती बारकी चिमणी ना, ते म्हणाले, तिच्यावर माझा काही राग नाही, पोरगी घाबरली असेल. "चिमणी नव्हती," ती म्हणाली. "मी होते. सुई हलू नये म्हणून पट्टी लावते असं म्हणाले, ते खोटं होतं. दुसरा हात तुम्ही आपणहून दिलात." बाबा अजून हसतच होते, पण जरा चिडल्यासारखे. "अगं, तुझे हात मला ओळखू येत नाहीत होय? रोज पोट कोण पुसतं?" त्यांनी उजवा हात खुर्चीच्या हातावर ठेवला आणि बाही वर सारली. "बांध बरं. बघू दे मला."

तिनं नाही म्हणायला हवं होतं. हे तिला कळायच्या आधीच ड्रेसिंगच्या डब्यातला कापूस आणि पट्टी तिच्या हातात आली होती. हात विचारत नाहीत. कापूस मनगटाभोवती बसला, पट्टीचे वेढे पडले, पट्टी खुर्चीच्या हाताखालून मागच्या दांड्याला गेली, आणि तिथं तिनं टोक पूर्ण ओढून न घेता त्याचा नुसता फासा ओढला आणि मोकळं टोक पाठीमागं सोडून दिलं. सगळं मिळून एका श्वासाचं काम. बाबांनी हसत हात उचलला. हात थोडा वर आला आणि थांबला. हसू अजून ओठांवर होतं, पण बाकीचा चेहरा निघून गेला होता. दंडावरची लव उभी राहिली. श्वास पोटातून वर छातीत आला, तिथून गळ्याशी. मानेवरची नाडी बाहेरून मोजता आली असती. ते पट्टीकडे बघत नव्हते, तिच्या बोटांकडे बघत होते. आणि त्यांचा डावा हात, मोकळा, आपला आपणच वर आला आणि ओठांवर, हनुवटीवर, गालाच्या कोपऱ्यात काहीतरी चाचपू लागला, जे तिथं नव्हतं.

"सोड," ते म्हणाले.

तिनं मागचं टोक ओढलं. सगळी गाठ एका ओढीत गळून पडली आणि पट्टी जमिनीवर लोळली. खाली कुणाच्या तरी घरात मिक्सर का पंखा घरघरत होता. मग बाबांनी विचारलं, एवढंच होतं का. हो, ती म्हणाली. एका ओढीत सुटतं? हो, हृदय थांबलं, आग लागली, तर लगेच सोडता यावं म्हणून. आणि ते टोक कुठे असतं? खाली, चौकटीशी, रोग्याचा हात पोचणार नाही असं. त्यांनी मान हलवली, एखाद्या नव्या बनावटीच्या मीटरची माहिती घेत असल्यासारखी. तिच्याजवळ कारणं होती. रक्तदाब होता, दुसऱ्या टोकाचा रोगी होता, मामांची रक्ताची पिशवी होती, ती बाळंतीण होती. सगळी खरी होती, आणि बाबांना ती पटलीही असती. ते समजूतदार होते. म्हणून तिनं त्यातलं एकही बोलून दाखवलं नाही.

भिंतीवरचं ऊन छताकडे सरकलं. "तारीख घे," बाबा म्हणाले. आवाज साधा होता. "ऑपरेशन करू. असं किती दिवस बसणार."

"मी पहिल्यापासून आत राहीन. इन्चार्ज सिस्टरना सांगून तुमची खाट माझ्याकडे मागून घेते. मी कुणाला—"

"नको." त्यांनी दोन्ही बाह्या खाली ओढल्या आणि बटणं शोधायला लागले. बटण घरात जाईना. तिनं मदतीला हात पुढे केला तेव्हा त्यांनी कोपर किंचित आत घेतलं, अगदी किंचित, आणि प्रयत्न चालू ठेवला. "तू रजा टाक. सगळे दिवस. मी घरी येईपर्यंत तिकडे फिरकू नकोस."

"बाबा, पुन्हा तसं झालं तर बांधतील ते."

"बांधू देत की. बांधायचंच असेल तर परक्यानं बांधलेलं बरं." एक बटण लागलं होतं. ते दुसऱ्याकडे वळले. "परक्याला शिव्या देता येतात."

ती पट्टी गुंडाळत तिथंच बसून राहिली. गुंडाळून झाल्यावर बाबांनी विचारलं, जेवलीस का. नाही म्हणाली. भात गरम आहे, ते म्हणाले, आधी फोन कर, ऑफिस बंद होईल. तिनं आतल्या खोलीत जाऊन नंबर लावला. पलीकडच्या मुलीनं नाव, वय, जुना केस क्रमांक विचारला, तारीख सांगितली, आणि मग आवाज ओळखून मोकळेपणानं म्हणाली, अहो सिस्टर, तुम्ही होय, मग काळजीच नाही, घरचं माणूस आतच आहे म्हणजे.

"नाही," ती म्हणाली. "मी बाहेर बसेन."